आतोबांची टीम आणि माझे रील

अख्ख्या महाड तालुक्यात फुटबॉल कळणारा एकच माणूस आहे आणि त्याने जन्मात कधी बॉलला पाय लावलेला नाही. हे माझं मत नाही हां, हे त्या माणसाचं स्वतःचं मत आहे, आणि ते तो सकाळच्या दूधवाल्यापासून संध्याकाळी फिरायला निघालेल्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना न विचारता सांगतो. तो माणूस म्हणजे माझ्या आत्याचा नवरा. आमचे आतोबा. जन्मभर सरकारी कचेरीत कारकुनी करून रिटायर झालेत, अंगाने काटकुळे, खिशाला दोन पेनं, आणि डोक्यात आमच्या आळीच्या फुटबॉल टीमशिवाय दुसरं काहीही नाही. आता मी सुरुवातीलाच कबूल करून टाकते म्हणजे पुढे लिहायला मोकळी झाले: मी या माणसावर जळते. प्रेम आहेच, ते लहानपणापासून आहे, पण जळतेही. आणि ते माझ्यावर जळतात. आणि आम्ही दोघं मिळून बाकीच्या जगावर जळतो, असं एकूण आहे ते.

आमची आळी म्हणजे बुद्धविहाराच्या मागची चाळीस-पन्नास घरं. कुणी शाळेत मास्तर, कुणी क्लार्क, तरुण पोरं बरीचशी एमआयडीसीत. आजूबाजूला सगळीकडे क्रिकेट नाहीतर कबड्डी, आमच्याकडेच तेवढा फुटबॉल कसा आला, हे मी एकदा आतोबांना विचारलं. तर म्हणाले, "बाकीचे क्रिकेट खेळतात म्हणून." बस. एवढंच कारण. कापणी उरकली की महाड-पोलादपूर भागातल्या आठ टीम दर रविवारी एकमेकांशी खेळतात, आणि आठ टीममध्ये आम्ही वर्षानुवर्षं आठवे येत होतो. एका वर्षी सातवे आलो. त्या वर्षी एक टीम आलीच नव्हती. आणि पुराच्या वर्षी तर नदीकाठच्या मैदानावरचे गोलपोस्टच वाहून गेले. सगळं गाव चिखल उपसत होतं, आतोबांच्या घरात छातीएवढं पाणी येऊन गेलेलं, फ्रिज उताणा, गाद्या अंगणात. आतोबा खराटा धरून दारात उभे राहिले, मैदानाच्या दिशेने बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "एक बरं झालं. या मोसमात गोलपोस्टच नाय, म्हणजे गोल खायचा प्रश्न नाय." आत्याने त्यांच्याकडे अशी काही नजर टाकली की पूर परवडला.

मॅचला आतोबा कधी लोकांत उभे राहत नाहीत. त्यांची जागा कॉर्नरच्या झेंड्याजवळ. बगलेत मिटलेली छत्री, मग बाहेर कडकडीत ऊन असो नाहीतर थंडी असो, आणि हातात पाठकोरे कागद. कचेरीतून रिटायर होताना लोक शाल-श्रीफळ घेऊन येतात, आतोबा एका बाजूला छापलेल्या कागदांचा गठ्ठा घेऊन आले होते. तो अजून संपलेला नाही. ते ओरडत नाहीत, टाळ्या वाजवत नाहीत, गोल झाला तरी नाही. नुसतं लिहितात. मी चौथी-पाचवीत असल्यापासून त्यांच्याबरोबर जायचे, आणि एकदा आम्ही चक्क गोल केला तेव्हा मी नाचायला लागले, तर मला हाताला धरून खाली बसवलं आणि म्हणाले, "बस गो बाय. आपण नाचलो तर त्यांना वाटंल आपल्याला सवय नाय."

आता हे लिहितात कशासाठी, तर अहवालासाठी. मोसमातली शेवटची मॅच झाली की पुढच्या रविवारी संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर अख्खी टीम मांडी घालून बसते, आत्या चहा आणि कांदाभजी पाठवते आणि आतोबा उभे राहून मोसमाचा वार्षिक अहवाल वाचतात. तासभर तरी. कुणी नेमलेलं नाही, कुणी सांगितलेलं नाही, पण हे माझ्या जन्माआधीपासून चालू आहे. प्रत्येक खेळाडूला वेगळा परिच्छेद. मला काही काही तोंडपाठ आहेत. आमच्या उजव्या विंगरबद्दल: "हे धावतात उत्तम. धावताना बॉल सोबत नेण्याची सवय लावावी." स्ट्रायकरबद्दल: "यांनी मारलेला चेंडू शोधण्यात टीमच्या एकंदर दोन संध्याकाळी गेल्या. एकदा तो नदीपलीकडे सापडला." आणि आमचा गोलकीपर, जो कॅप्टनही आहे आणि दिवसा क्लासमध्ये गणित शिकवतो, त्याच्याबद्दल: "यांनी येणाऱ्या प्रत्येक चेंडूचे स्वागत केले. अडवणूक कोणाचीही केली नाही." मोठी मोठी पोरं, लग्न झालेली, पोरंबाळं असलेली, खाली मान घालून ऐकतात. आणि गंमत म्हणजे ज्याच्याबद्दल एकच ओळ येते तो नाराज होतो. "आतोबा, माझ्यावर एवढंच?" असं विचारतो. शिव्या कमी पडल्या म्हणून! मला घरात एवढं कुणी बोललं असतं तर मी आठवडाभर जेवले नसते.

बरं, टीमला शिव्या घालायचा हक्क फक्त आतोबांचा. दुसऱ्या कुणी घातल्या तर भांडण. आणि दुसऱ्या कुणी कौतुक केलं तर त्याहून मोठं भांडण. एकदा स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर वीर स्टेशनहून पॅसेंजर घेऊन आलेला एक रिक्षावाला सहज म्हणाला, "तुमच्या आळीची पोरं बरी खेळतात हां अलीकडं." झालं. आतोबांनी कप खाली ठेवला. "तुम्ही कधीपासून बघताय?" तो म्हणाला, गेल्या महिन्यात एक मॅच बघितली. "कुठून बघितली?" रस्त्यावरनं, रिक्षा थांबवून. "किती वेळ?" पाच-दहा मिनिटं. मग आतोबा इतक्या थंड आवाजात बोलले की चहावाल्यानेसुद्धा स्टोव्ह बारीक केला. "आपण सहा-शून्यने मार खाल्ला त्या दिवशी शेवटच्या शिट्टीपर्यंत मैदानावर मी, ही पोरगी आणि एक म्हैस होती. म्हशीला मत विचारलं तर मी ऐकून घेईन. तुमचं नाय." रिक्षावाला बिचारा चहा अर्धा टाकून गेला. घरी येताना मी म्हटलं, आतोबा, चांगलंच म्हणत होता ना तो. तर म्हणाले, "तेच तर. आज चांगलं म्हणतो, उद्या 'आपली टीम' म्हणेल."

आता माझं ऐका. गेल्या वर्षी मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, नवा फोन मिळालेला, आणि मी टीमचं पेज काढलं. दर मॅचचे रील, खाली गाणं, गोल स्लो मोशनमध्ये, पोरांचे क्लोज-अप, सगळं. मी एका हाताने टाइप करत दुसऱ्या हाताने शूट करते, हे मी स्वतःच्या तोंडाने सांगायला नको पण करते. आणि नेमकं याच मोसमात आमची टीम जिंकायला लागली! म्हणजे खरंच जिंकायला. एक मॅच, दोन मॅचेस, सलग चार. मुंबईला राहणारे आळीतले लोक कमेंट करायला लागले, "एकदम कडक", "भाई लोग आग लगा दी", रविवारी मैदानावर गर्दी व्हायला लागली, बायका डबे घेऊन यायला लागल्या. कॉर्नरच्या झेंड्याजवळ, जिथे इतकी वर्षं आतोबा आणि मी, तिथे आता चाळीस माणसं. आतोबा गर्दीत छत्री घेऊन उभे, आणि पुढच्याचं डोकं मध्ये येतं म्हणून कधी डावीकडे वाकतात कधी उजवीकडे. एका रविवारी एका माणसाने त्यांना सांगितलं, "काका, जरा बाजूला व्हा, दिसत नाय." काका! आळीतल्या पोरांना सोडा, टीममधल्या सगळ्यांना, नात्यात असो नसो, ते आतोबाच. (हेसुद्धा मला कधी आवडलेलं नाही. माझी आत्या, माझे आतोबा. यांचे कुठून?) त्या दिवशी घरी येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत.

पण गप्प बसतील ते आतोबा कसले. त्यांनी आत्याचा फोन घेतला आणि माझ्या पेजवर कमेंट टाकायला सुरुवात केली. आत्याच्या अकाउंटवरून. म्हणजे आत्याचा हिरव्या साडीतला, भाचीच्या लग्नातला हसरा फोटो, आणि त्याच्या पुढे: "सदर चित्रफितीत गोल दाखवला आहे, परंतु त्याआधी मधल्या फळीने केलेल्या तीन चुका जाणीवपूर्वक वगळल्या आहेत." नाहीतर: "गाणे बंद करावे. खेळाडू एकमेकांना काय बोलतात ते ऐकू येत नाही." लोकांना वाटलं आत्याच. मासळी बाजारात दोन पोरांनी तिला गाठून विचारलं, "आत्या, तो ऑफसाइड होता काय नव्हता?" आत्या पापलेट बघत होती. म्हणाली, "पुढं गेला असंल तर मागं या म्हणावं. मला काय विचारता?" आणि पोरांनी हे उत्तर इतकं मनावर घेतलं की पुढच्या मॅचला कोचसारखं ओरडायला लागले, मागं या, मागं या! माझा जीव मात्र जळत होता, कारण माझ्या रीलला जेवढे लाइक, त्याहून जास्त लाइक आत्याच्या कमेंटला पडत होते. मी दोन दोन तास बसून एडिट करायचं आणि लोक येतात कशाला, तर खाली आत्या काय म्हणाली ते वाचायला.

आणि खरी आग लागली ती सेमीफायनलनंतर. कॅप्टनने त्या दिवशी पेनल्टी अडवली होती, मी तो क्षण असा पकडला होता ना, की माझ्या स्वतःच्याच अंगावर काटा आला. पंधरा मिनिटांत रील टाकलं, धावत गेले त्याच्याकडे, फोन समोर धरला. त्याने बघितलं, म्हणाला "भारी हां", आणि लगेच मान उंच करून गर्दीत बघायला लागला. "आतोबा कुठं हायत? काय म्हणाले ते?" मला इतका राग आला! एवढ्या लोकांनी बघितलं, मुंबईपर्यंत पोचलं, आणि याला पाहिजे काय, तर पाठकोऱ्या कागदावरचं एक वाक्य.

म्हणून जेव्हा कॅप्टन म्हणाला की यंदा शेवटच्या कार्यक्रमाला मुंबईचे पाहुणे येणार, पडदा लावून माझा मोसमाचा व्हिडिओ दाखवू, तेव्हा मला आतून असं वाटलं की चला, आली आपली वेळ. खोटं कशाला बोलू. कॅप्टन आतोबांकडे सांगायला गेला तेव्हा मी पण गेले, मुद्दाम. तो चाचरत म्हणाला, "आतोबा, अहवाल हायच. फक्त यंदा जरा पाच मिनिटांत आटपा."

"पाच?" आतोबा म्हणाले. "अरे, तुझ्या एकट्याच्या चुका पाच मिनिटांत बसत नायत."

"पाहुणे हायत ना. व्हिडिओ बारा मिनिटांचा हाय."

आतोबांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. बसमध्ये आपल्या सीटवर कुणी रुमाल टाकून बसलंय असं बघतात ना, तसं. मग उठले, खिशातली दोन्ही पेनं काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "ठीक हाय. मी आजपासून पोलादपूरचा." आत आत्याच्या हातातलं भांडं पडलं. कारण फायनल पोलादपूरच्याच टीमशी होती, आणि तीही पोलादपूरला.

आम्हाला वाटलं बोलतात. पण फायनलच्या दिवशी आमची टीम टेम्पोतून निघाली आणि आतोबा छत्री बगलेत मारून एकटे एस.टी.ने पोलादपूरला गेले. आम्ही मैदानावर पोचलो तर हे समोरच्या बाजूला उभे, त्यांच्या लोकांत! आमच्या बाजूला अख्खी आळी, बायका, पोरं, शिट्ट्या, आणि तिकडे पोलादपूरच्या गर्दीत आमचे काटकुळे आतोबा. डोकं तापायचं थांबेना माझं. म्हटलं थांबा, याचंच रील करते. वरती लिहीन "गद्दार", मागे सनई टाकीन. आणि मी मैदानाला वळसा घालून, लोकांच्या मागून, फोन चालू ठेवून त्यांच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिले. मला वाटलं त्यांना दिसले नाही.

त्यांच्या शेजारी एक आडदांड म्हातारा होता, डोक्याला टोपी, हातात काठी. डोंगरावरच्या कुडपण गावाहून सकाळी खाली उतरलेला, गुरं शेजाऱ्याच्या हवाली करून, कारण पोलादपूरच्या टीमचा उजव्या अंगाने पळणारा पोरगा त्याचा भाचा. म्हाताऱ्याने आतोबांना विचारलं, "पावणं कुठलं?"

"महाडचा."

"मंग इकडं कशाला उभं?"

"मी आता पोलादपूरचा."

म्हाताऱ्याने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग समजूतदार आवाजात म्हणाला, "भांडून आलाव काय घरात?"

आतोबांनी छत्री दुसऱ्या बगलेत घेतली. मॅच शून्य-शून्य चालली होती, शेवटची दहा मिनिटं उरलेली. कुडपणच्या म्हाताऱ्याचा भाचा वाऱ्यासारखा पळायचा, पण आमचा लेफ्ट बॅक त्याला हलूच देत नव्हता. दर वेळी आडवा. आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या लेफ्ट बॅकला डावा पाय नाही. म्हणजे आहे, पण बॉलच्या कामाचा नाही. सगळं उजव्याने करतो. त्याच्या बाहेरच्या अंगाने, रेषेच्या बाजूने कुणी गेलं तर संपलं. हे बाहेरच्या कुणाला माहीत नव्हतं, कारण मधल्या पोरांनी मोसमभर त्याला झाकून घेतलं होतं. बाकीच्या सातही टीमला पत्ता लागला नव्हता. हे कळायला त्याला वर्षानुवर्षं बघायला लागतं, दर रविवारी, कागद घेऊन.

आणि तेवढ्यात कुडपणचा म्हातारा अगदी मनापासून म्हणाला, "पन तुमची पोरं बेस खेळतात हां, पावणं. तो डावीकडचा बघा. भित हाय नुसती, भित."

संपलं. मी आतोबांच्या मानेकडे बघत होते, ती ताठ झालेली मला दिसली. बाहेरच्या माणसाने आमच्या पोराला चांगलं म्हटलं होतं. "भिंत?" आतोबा म्हणाले. "कोण, तो? अहो तुम्ही आज बघताय. मी तो चड्डी सावरत खेळायचा तेव्हापासून बघतोय. त्याला डावा पायच नाय! रेषेच्या अंगाने कुणी गेलं तर हा वळेपर्यंत दिवस मावळतो. किती वर्षं सांगतोय मी, एका कानाने ऐकतो..."

म्हाताऱ्याने दोन सेकंद विचार केला. काठी काखेत घातली, दोन्ही हात तोंडाशी धरले, आणि डोंगरावर गुरांना घालतात तशी हाक घातली, "एऽऽ भाच्याऽऽ! भाइरनं काढ! रेषेकडनं! त्याला डावा पाय नाऽऽय!"

अख्ख्या मैदानाला ऐकू गेलं. भाच्याला पण. पुढचा बॉल आला, भाचा रेषेकडून सुटला, आमचा लेफ्ट बॅक वळला, वळतच राहिला, आणि गोल.

आम्ही फायनल एक-शून्यने हरलो. पोलादपूरची माणसं नाचत मैदानात गेली. कुडपणच्या म्हाताऱ्याने आतोबांना मिठीच मारली, "पावणं, तुम्ही होताव म्हणून झालं!" आणि कुणीतरी वाटलेला पेढा त्यांच्या हातात कोंबला. आतोबा परत एस.टी.नेच आले. आत्या सांगत होती, घरात शिरले तेव्हा तो पेढा मुठीत तसाच होता, पार लगदा झालेला.

आणि हे सगळं माझ्या फोनमध्ये होतं. आवाजासकट. विचार करा तुम्ही! मोसमभर मी ज्या माणसावर जळत होते, त्याने आमची फायनल घालवली, आणि पुरावा माझ्या हातात. मी अपलोडपर्यंत गेले होते. वरची ओळसुद्धा लिहून झाली होती. तेवढ्यात आत्या आली, खुर्चीत टेकली आणि म्हणाली, "अगो, हे धड जेवत नायत. अहवाल लिहितोय म्हणतात, नि कागद कोराच हाय." मी फोन पालथा ठेवला. मग बारा मिनिटांच्या व्हिडिओचं एडिटिंग करत बसले आणि फायनलचं एक साधं रील टाकलं, त्यात गोल लांबून दिसतो तेवढाच. त्या रीलखाली आत्याची कमेंट आली नाही. मी रोज बघत होते. दुसरी सतराशे साठ माणसं बोलली, पण गाणं बंद करा म्हणून कुणीच सांगितलं नाही.

रविवारी संध्याकाळी विहाराच्या भिंतीवर पांढरी चादर ताणून माझा व्हिडिओ झाला. टाळ्या पडल्या. पाहुणे म्हणाले, हुशार आहे पोरगी. मग कॅप्टन उठला, म्हणाला, "आतोबा, पाच मिनिटं." मला वाटलं येणारच नाहीत, पण ते होते, अगदी मागे, चपलांजवळ. पुढे आले. हातात एकच कागद. उभे राहिले आणि वाचलं:

"मोसम उत्तम. अकराही जणांनी आपापले काम चोख केले. अंतिम सामना आपण एका गोलने हरलो. सदर गोलास खेळाडू जबाबदार नाहीत. टीमच्या एका जुन्या समर्थकाने परक्या माणसासमोर घरातली गोष्ट बोलून दाखवली, त्यामुळे तो झाला. समर्थकाचा हेतू वाईट नव्हता, परंतु हेतू गोलपोस्टच्या आड येत नाही. सदर समर्थकास पुढील मोसमात मैदानाबाहेर ठेवावे, ही शिफारस."

कागदाची घडी घातली. दीड मिनिटसुद्धा झालं नव्हतं. कुणाला काही कळेना. मग कॅप्टन हसायला लागला, "काय आतोबा! गोल मी खाल्ला, नि तुम्ही कशाला अंगावर घेताय?" आणि लेफ्ट बॅक उठला, डोळे पुसत, "माझ्यामुळं झालं, आतोबा. तुम्ही कितीदा सांगितलंत मला." आतोबा म्हणत होते, अरे नाय, ऐक, मी खरंच बोललो त्याला, पण ऐकतो कोण! पोरांनी त्यांना धरून खुर्चीत बसवलं. पटलंच नाही कुणाला. म्हणजे एका माणसाने भरसभेत स्वतःचा गुन्हा लिहून, वाचून दाखवला आणि त्याच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही! "शिफारस नामंजूर," कॅप्टन म्हणाला, "आणि साडेतीन मिनिटं उरलीत. आता आमच्या चुका सांगा." अख्खी टीम पुन्हा मांडी घालून बसली. आतोबांनी काहीच लिहून आणलं नव्हतं. ते तोंडीच सांगायला लागले, पहिल्या मॅचपासून. पाहुणे जांभया देत होते, चहा दोनदा झाला, आणि पोरं ऐकत होती, मध्येच हसत होती, एकमेकांना कोपराने ढोसत होती. मी एका बाजूला वायरी गुंडाळत होते आणि जळत होते. फायनल घालवलेला माणूस! आणि मी बारा मिनिटांत सगळ्यांना हिरो करून दाखवलं होतं.

सगळे पांगले तशी मी पायरीवर बसले. आतोबा येऊन शेजारी टेकले. थोड्या वेळाने, समोर बघत, म्हणाले, "तुझ्याकडं हाय ना ते? तू मोबाईल धरून उभी होतीस, बघितलं मी."

"हाय."

"टाकलं नायस."

"नाय."

"का गो?"

"आवाज नीट नाय आला," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, खरंच वाटल्यासारखी. मग म्हणाले, "दाखव."

मी लावून दिला. त्यांनी फोन अगदी नाकाशी धरला, अलीकडे त्यांना असंच धरायला लागतं. त्यांचाच आवाज खणखणीत आला, त्याला डावा पायच नाय. मग ती डोंगरातली हाक. मग गोल. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, पण तोंडावर काही नव्हतं, नुसते डोळे बारीक केलेले. संपल्यावर म्हणाले, "मागं ने. अजून थोडं. हां, थांब." त्यांनी पडद्याच्या अगदी कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हे बघ. कॅप्टन कुठून उडी मारतोय बघ. त्या खांबापासनं. आडवा झालाय पार. दिसला काय तुला?"

नव्हता दिसला. तो व्हिडिओ मी तीस-चाळीस वेळा बघितला असेल, आणि दर वेळी फक्त आतोबांकडे बघितलं होतं. आता दिसला, पुसटसा, पिवळा टी-शर्ट, हात पुढे ताणलेले, अंग जमिनीपासून वर.

"बॉलला हात लागायला एवढंच राहिलं," आतोबा म्हणाले, आणि मला दोन बोटं दाखवली, एकमेकांना चिकटवून. ती तशीच हवेत धरून ठेवली.

"परत लाव," म्हणाले.

मी परत लावला.